मुलांची सूक्ष्मजीवांशी ओळख: सुरुवात आजारापासून नको

बहुतेक मुलांची सूक्ष्मजीवांशी पहिली गाठ पडते ती हात धुण्याच्या सूचनेतून. हातावर जंतू असतात आणि ते पोटात गेले तर आजारपण येते, एवढ्या एका वाक्यात पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या सजीवांचा परिचय आटोपतो, आणि पुढे जाहिरातींतले सुळे असलेले हिरवे राक्षस त्या परिचयावर शिक्कामोर्तब करतात. सूचना योग्यच आहे आणि हात धुतलेच पाहिजेत. माझी तक्रार आहे ती क्रमाबद्दल. काही वर्षांपासून मी शाळकरी मुलांबरोबर सुट्टीच्या दिवसांत विज्ञानाचे छोटे उपक्रम करते आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की आजार हा सूक्ष्मजीवांच्या गोष्टीतला बराच पुढचा अध्याय आहे. हे जीव जिवंत आहेत, खातात, वाढतात, एकमेकांना खातात आणि मरतात, हे मुलांनी आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर आजाराचा अध्याय त्यांना कितीतरी अधिक चांगला समजतो.

'जंतू काय खातात?' असा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. उत्तर देणाऱ्या मुलांपेक्षा गोंधळणारी मुलेच जास्त निघतात, कारण त्यांच्या मनात जंतू हा सजीव नसतोच; ती एक प्रकारची घाण किंवा विष असते, जे अंगाला लागले की त्रास होतो. ही कल्पना वरवर निरुपद्रवी वाटली तरी तिच्यामुळे पुढचे सगळेच तर्क अडतात. विष लगेच बाधते. मग आजारी मुलाबरोबर खेळल्यानंतर ताप दोन-तीन दिवसांनी का येतो? विष वाटले की कमी होते. मग एका मुलाची सर्दी साऱ्या वर्गाला पुरून कशी उरते? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, ते म्हणजे जंतूंची संख्या वाढते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीच्या साधारण २० मिनिटांत दोन होतात. हा हिशेब मुलांना कागदावर करू द्यावा. ३ तास २० मिनिटांत १,०२४ आणि ६ तास ४० मिनिटांत १०,४८,५७६ हे आकडे त्यांनी स्वतः काढले की बहुधा कोणीतरी विचारतेच, की मग एव्हाना सगळी पृथ्वी जिवाणूंनी भरून कशी गेली नाही? या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. अन्न संपते, जागा संपते आणि स्वतःच टाकलेल्या पदार्थांनी आजूबाजूचे वातावरण राहण्याजोगे उरत नाही, इथपर्यंत मुले थोड्या चर्चेनंतर आपणच पोहोचतात.

सूक्ष्मजीव जिवंत असतात हे दाखवण्यासाठी मला यीस्टचा प्रयोग सर्वांत उपयोगी वाटतो, मात्र तो अर्धवट करू नये. बाटलीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट घालून तोंडाला फुगा लावला की फुगा फुगतो, एवढे बऱ्याच जणांनी केलेले असते. पण एकाच बाटलीवरून मूल काय शिकणार? त्याला ती केवळ रसायनांची गंमत वाटते. म्हणून तीन बाटल्या घ्याव्यात: पहिलीत यीस्ट आणि साखर, दुसरीत साखरेविना यीस्ट, आणि तिसरीत साखर आणि आधी चांगले उकळून पुन्हा कोमट केलेले यीस्ट. तासाभरात पहिला फुगा उभा राहतो, दुसरा जवळपास तसाच लोंबत राहतो आणि तिसऱ्यात काहीच घडत नाही. साखर दिली तरी उकळलेले यीस्ट कामाला लागत नाही, कारण ते मेलेले आहे, हा निष्कर्ष मुले मोठ्या उत्साहाने मांडतात. त्यानंतरच त्यांना सांगावे की यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे, तिची पेशी साधारण ५ मायक्रोमीटर व्यासाची असते, आणि फुग्यातला वायू म्हणजे साखर खाऊन तिने बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आहे.

मायक्रोमीटर म्हणजे काय, हे मात्र नुसते सांगून कळत नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग ही व्याख्या मुले पाठ करतात आणि विसरतात. मी मुलांना सगळे जग ५,००० पट मोठे करायला सांगते. या मापाने २ मायक्रोमीटर लांबीचा जिवाणू १ सेंटिमीटरचा होतो. खडूने जमिनीवर तो काढला की त्याच मापाने बाकीच्या गोष्टी काढत जायच्या. सुमारे ८० मायक्रोमीटर जाडीचा केस ४० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा होतो. पाव मिलिमीटरच्या आसपास लांबी असलेला पॅरामिशियम हा डबक्यातला एकपेशीय जीव सव्वा मीटरचा, म्हणजे जवळजवळ चित्र काढणाऱ्या मुलाच्याच उंचीचा भरतो. १०० नॅनोमीटरचा, म्हणजे ०.१ मायक्रोमीटरचा, कोरोना विषाणू अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होतो, जो खडूने काढताच येत नाही आणि त्यासाठी टोकदार पेन्सिल शोधावी लागते. आणि १२० सेंटिमीटर उंचीचे मूल ६ किलोमीटर उंच होते. जिवाणू आणि विषाणू हे 'दोन्ही बारीक' असे एकाच माळेत ओवण्याची जी सवय असते, ती या चित्रासमोर टिकत नाही. मुलांना अपवाद फार आवडतात, म्हणून एक अपवादही येथेच सांगून टाकावा: कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटांवरच्या खारफुटीत सापडलेला आणि २०२२ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सुमारे १ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

यानंतर डबक्याकडे जावे, आणि जमल्यास पुष्कळ वेळ तेथेच काढावा. माझ्या मते मुलांसाठी सूक्ष्मजीवांचे याहून चांगले प्रवेशद्वार नाही. पाणी वरचे स्वच्छ घेऊ नये. पाण्यात बुडालेली कुजकी पाने, काड्यांवरचा बुळबुळीत थर आणि तळाचा थोडा गाळ असे सगळे बरणीत घ्यावे. सांडपाण्याचा नाला टाळावा, हे वेगळे सांगायला नको. त्यातला एक थेंब ४० ते १०० पट मोठा करून पाहिला तरी पुरेसे असते. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग एखादा हिरवा धागा दिसतो, आणि मग काहीतरी वेगाने दृष्टिक्षेत्रातून निघून जाते. तो क्षण मी अनेक मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे; भिंगावरून डोळा न काढता ते मूल दुसऱ्याला बोलावते आणि दुसऱ्याला मात्र जागा देत नाही.

पॅरामिशियम फार चपळ असतो, त्यामुळे थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकावेत. त्यांच्या जाळीत तो अडखळतो आणि मग त्याच्या कडेने हलणारी केसांसारखी बारीक रोमके पाहता येतात. थोडा धीर धरला तर त्याच्या शरीरातली एक गोल पोकळी भरते आणि एकदम रिकामी होते, असे ठरावीक अंतराने घडताना दिसते. आत शिरणारे जास्तीचे पाणी तो सतत बाहेर टाकत असतो. तसे केले नाही तर तो फुटेल. एका पेशीला एवढा उद्योग असतो हे कळल्यावर 'साधा जीव' हा शब्दप्रयोग मुले फारशी करत नाहीत. व्हॉर्टिसेला हा दुसरा एकपेशीय जीव पानाच्या तुकड्याला देठाने चिकटलेला असतो आणि काचेला किंचित धक्का लागला तरी तो देठ क्षणात आखडून घेतो. रोटिफर सापडला तर सांगावे की हा अनेक पेशींचा प्राणी आहे, जरी तो काही एकपेशीय जीवांपेक्षा लहान असला तरी. ओलसर मॉस पाण्यात पिळून पाहिले तर नशिबाने आठ पायांचा टार्डिग्रेडही भेटतो. तो सूक्ष्मजीव म्हणावा की सूक्ष्म प्राणी, याचा काटेकोर निवाडा त्या वेळी करत बसू नये.

बरणी फेकून देऊ नये. तिच्यात थोडे वाळलेले गवत टाकून ती काही आठवडे ठेवावी आणि मधूनमधून थेंब पाहत राहावे. गवत कुजू लागते तसे पाणी आधी गढूळ होते, कारण जिवाणूंची संख्या भराभर वाढते. मग त्यांना खाणारे लहान आदिजीव, म्हणजे पॅरामिशियमसारखे एकपेशीय जीव, वाढतात, आणि त्यानंतर त्या आदिजीवांना खाणारे मोठे येतात. अन्नसाखळीचे चित्र पुस्तकात वाघ आणि हरीण यांचे असते, पण ती चालताना पाहायची असेल तर बरणी बरी.

सूक्ष्मदर्शकाबद्दल दोन शब्द. खेळण्यांच्या खोक्यावर १,२०० पट असे मोठे आकडे छापलेले असतात, पण भिंग वाईट असेल तर तेवढा मोठा केलेला ठिपका हा मोठा केलेला धूसर ठिपकाच असतो. ४० ते ४०० पट दाखवणारे, हलणार नाही असे, चांगल्या प्रकाशाचे साधन घ्यावे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला, घड्या घालून बनवायचा कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठे दाखवतो आणि डबक्यातल्या जीवांसाठी तो पुरेसा ठरतो. फोटो काढू द्यावेत, पण त्याआधी वहीत चित्र काढायला लावावे. चित्र काढताना मुलाला ठरवावे लागते की कडा सरळ आहे की लहरी आहे, आतला गोल एक आहे की दोन आहेत. फोटोत हे ठरवण्याची वेळच येत नाही. चित्राशेजारी तारीख, पाणी कोठून आणले ते आणि किती पट मोठे केले ते लिहिले पाहिजे. पुस्तकातले चित्र मात्र आधी दाखवू नये, नाहीतर मुले दिसलेले सोडून पाहिलेले काढतात.

याच टप्प्यावर अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यांची गोष्ट सांगण्यात अर्थ असतो, त्याआधी नाही. डच प्रजासत्ताकातील डेल्फ्ट या गावचा हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठात शिकलेला नाही, लॅटिन येत नाही, पण स्वतः घासून तयार केलेल्या इवल्याशा एका भिंगातून त्याने जे पाहिले ते त्याच्याआधी कोणीही पाहिलेले नव्हते. त्याच्या शिल्लक राहिलेल्या भिंगांपैकी सर्वांत शक्तिशाली भिंग सुमारे २७० पट मोठे दाखवते. १६७४ मध्ये त्याने तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याविषयी सविस्तर पत्र लिहिले. तेथील विद्वानांना ते सहजी पटले नाही. पण १६७७ मध्ये रॉबर्ट हुक यांनी स्वतः प्रयोग करून ते जीव सोसायटीच्या सभासदांना दाखवले. १६८३ च्या पत्रात लेव्हेनहुकने दातांवरच्या पांढऱ्या थरातील जीवांचे वर्णन केले आणि आपल्या तोंडात जितके जीव आहेत तितकी माणसे साऱ्या देशात नाहीत, असे नमूद केले. स्वतः थेंब पाहिलेल्या मुलांना हा माणूस जवळचा वाटतो. ज्यांनी पाहिलेला नसतो त्यांच्यासाठी तो परीक्षेतला एक अवघड स्पेलिंगचा शास्त्रज्ञ असतो.

मातीतले सूक्ष्मजीव थेट दाखवणे अवघड आहे, पण त्यांची कामे दाखवता येतात. वाटाणा किंवा घेवड्याचे रोप मुळांसकट अलगद उपटून धुतले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी निघाली तर समजावे की आतले ऱ्हायझोबियम जिवाणू कामावर आहेत. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असूनही वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. हे जिवाणू त्याचे वापरता येईल अशा रूपात रूपांतर करतात आणि बदल्यात रोपाकडून साखर घेतात. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा असतो, हे ऐकून मोठी माणसेही गाठ पुन्हा हातात घेऊन पाहतात. पावसानंतर मातीला जो वास येतो त्याचा मोठा वाटा जिओस्मिन या पदार्थाचा आहे, आणि तो प्रामुख्याने स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणू तयार करतात. क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मिळाले ते याच गटातून.

ज्यांच्याकडे धीर आहे त्यांनी विनोग्राड्स्कीचा स्तंभ अवश्य करावा. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात वापरलेली ही युक्ती आहे. उंच पारदर्शक बरणीत तळ्याचा चिखल, कागदाचे कपटे आणि थोडा अंड्याचा बलक मिसळून भरायचा, वर तळ्याचेच पाणी घालायचे, झाकण सैल ठेवायचे आणि बरणी उजेडात पण कडक उन्हापासून दूर ठेवायची. काही आठवड्यांत चिखलात रंगांचे थर उमटू लागतात. वर प्राणवायू असतो, तेथे हिरवे शैवाल आणि सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडात प्राणवायू सोडणारे जिवाणू, वाढतात. खाली प्राणवायू उरत नाही, तेथे गंधकावर जगणारे जांभळे आणि हिरवे जिवाणू आपापली पातळी धरतात. तळ लोहाच्या सल्फाइडमुळे काळा पडतो. वास चांगला नसतो, त्यामुळे बरणी उघडायचीच झाली तर मोकळ्या हवेत उघडावी. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो सायनोबॅक्टेरियांमुळे, आणि त्याआधीचे जीव त्याच्याशिवायच जगत होते, हे सांगण्यासाठी हा स्तंभ समोर असलेला चांगला.

आपल्या शरीरातील जिवाणूंबद्दल बोलताना एक जुना आकडा टाळावा. मानवी पेशींच्या दसपट जिवाणू शरीरात असतात, असे मुलांच्या पुस्तकांत अजूनही छापले जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी मानवी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे संख्या जवळपास सारखीच आहे, आणि या सगळ्या जिवाणूंचे वजन मिळून सुमारे २०० ग्रॅम भरते. बरोबर आकडाही पुरेसा थक्क करणारा आहे.

एवढे झाल्यावर आजाराकडे वळावे. येथे 'चांगले जंतू' आणि 'वाईट जंतू' अशी विभागणी करण्याचा मोह होतो. तीही मला मान्य नाही, कारण आतड्यात निमूटपणे राहणारा ई. कोलाय मूत्रमार्गात शिरला तर संसर्ग होतो. जिवाणू तोच असतो, जागा बदललेली असते. त्याला आपल्याशी वैर नाही आणि मैत्रीही नाही.

प्रसार दाखवण्यासाठी एका मुलाच्या तळहाताला रंगीत खडूची पूड लावून त्याला थोडा वेळ नेहमीसारखे वावरू द्यावे आणि मग रंग कोठेकोठे पोहोचला ते सर्वांनी शोधावे. पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचे बोट बुडवण्याचा जो प्रयोग सर्रास केला जातो तो मात्र मी करत नाही. साबण लागताच मिरपूड दूर पळते ती पृष्ठताण कमी झाल्यामुळे, आणि मुलांच्या मनात बसते ते असे, की साबण पाहून जंतू घाबरून पळतात. प्रत्यक्षात साबण त्वचेवरचा तेलकट थर आणि त्यात अडकलेले सूक्ष्मजीव सोडवतो, काही विषाणूंचे आणि जिवाणूंचे स्निग्ध आवरण मोडतो आणि बाकीचे काम चोळणे आणि वाहते पाणी करते. म्हणूनच हात २० सेकंद तरी चोळायचे असतात. पावाच्या तुकड्यांना धुतलेल्या आणि न धुतलेल्या हातांनी स्पर्श करून ते बंद पिशव्यांत ठेवण्याचा प्रयोग करावा, पण एकेक तुकडा घेऊन नव्हे. बुरशीचे बीजाणू हवेतही असतात, त्यामुळे कधी धुतलेल्या हातांचा तुकडाच आधी हिरवा होतो. पुष्कळ तुकडे घेतले तर त्यावर बोलता येते. पिशव्या शेवटपर्यंत उघडायच्या नाहीत, तशाच टाकून द्यायच्या.

थोड्या मोठ्या मुलांना १८४७ सालच्या व्हिएन्नाची हकिकत सांगावी. तेथील प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदनाहून येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा कोणी सिद्ध केलेले नव्हते, त्यालाही ते माहीत नव्हते, आणि कारण सांगता न आल्यामुळे बहुतेक सहकाऱ्यांनी त्याचे म्हणणे स्वीकारले नाही.

विषाणू वेगळे सांगावेत. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस, जिवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तरीही त्या रसाने निरोगी रोपे आजारी पडली. मग गाळणीतून गेले ते काय होते? ते प्रत्यक्ष दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला आणि १९३९ साल उजाडावे लागले. विषाणूला स्वतःची पेशी नाही, म्हणून पेशीभित्तिका बांधण्याचे काम बिघडवणारे पेनिसिलिन त्याला काहीही करू शकत नाही. सर्दीवर प्रतिजैविक का देत नाहीत, हे यावरून दहा वर्षांच्या मुलालाही समजते.

काही मुले मात्र ही सगळी माहिती घेऊन घाबरतात, कशालाही हात लावेनाशी होतात. अशा मुलांना आणखी सूचना देण्यापेक्षा ठरावीक वेळा सांगाव्यात: जेवणापूर्वी, शौचानंतर, शिंकल्या-खोकल्यानंतर आणि माती किंवा प्राणी हाताळल्यानंतर, एरवी पुन्हापुन्हा हात धुण्याची गरज नाही. तरीही 'सगळेच जंतू मारून टाकले तर?' हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळालेले आहे. पूर्णपणे जंतुविरहित कक्षांत वाढवलेले उंदीर जगतात, पण आतड्यातले जिवाणू जे 'के' जीवनसत्त्व तयार करतात ते त्यांना खाद्यातून द्यावे लागते, त्यांच्या मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी अवाढव्य फुगते आणि त्यांची रोगप्रतिकारशक्ती नीट विकसित होत नाही. एवढे सांगून मी मुलांना पुढचा विचार करायला सांगते: उंदरांच्या कक्षाऐवजी सारी पृथ्वीच तशी केली तर झाडाखाली पडलेल्या पानांचे काय होईल, आणि वाटाण्याच्या त्या गाठींचे? यावर मुलांची भांडणे होतात, आणि ती मी सोडवत नाही.